मालयार्डाचा मनोरा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील नॉर्थ प्लॅट या छोट्या शहरात एका आठमजली मनोऱ्यावर मी अलीकडे दोन तास उभा होतो. समोर युनियन पॅसिफिक रेल्वेचे बेली यार्ड पसरले होते. सुमारे १३ किलोमीटर लांबीचे आणि २,८५० एकरांचे हे यार्ड जगातील सर्वांत मोठे मालयार्ड मानले जाते. उंचवट्यावर ढकललेली वाघीण एकटी सुटते, उतारावर तिचा वेग आवरला जातो आणि आपल्या गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या रुळावर ती बरोबर जाऊन लागते. यार्डाबाहेर उभारलेला हा मनोरा २००८मध्ये खुला झाला. लोक तिकीट काढून वर येतात. निवृत्त रेल्वे कर्मचारी त्यांना खालचा व्यवहार समजावून सांगतात.

तेथे मला माझाच एक जुना शेरा आठवला. सेवेत असताना एका शाळेचा अर्ज अभिप्रायासाठी माझ्याकडे आला होता. मुलांना जवळचे मालयार्ड पाहायचे होते. ‘सुरक्षेच्या दृष्टीने उचित नाही’ असे लिहून मी तो निकाली काढला. मुलांना दुरून, कठड्यामागून यार्ड दाखवता येईल का, हा प्रश्न मला सुचलाही नाही.

आपल्याकडे पाहण्याजोगे काही नाही असे मुळीच नाही. मुगलसरायचे, म्हणजे २०१८पासूनच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनचे, यार्ड आशियातील सर्वांत मोठे म्हणून दीर्घकाळ ओळखले गेले. झरिया आणि राणीगंजचा कोळसा येथूनच उत्तर भारताकडे जाई. १९८०च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक आवरती घेतली आणि एका मालाची, एकाच ठिकाणी जाणारी पूर्ण गाडी चालवण्याचे धोरण स्वीकारले. गाड्यांचा खोळंबा कमी झाला, वाघिणींच्या फेऱ्या वाढल्या. मात्र एक-दोन वाघिणी भरणारा व्यापारी ट्रककडे वळला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक माल रेल्वे वाहत असे. आज तो वाटा तीस टक्क्यांच्या खाली आहे. या घसरणीला रस्त्यांच्या विस्तारासह इतर कारणेही आहेत, पण त्या निर्णयाची किंमत किती, याची सार्वजनिक चर्चा क्वचितच झाली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यार्ड हे दफ्तरखान्यासारखे वाटते. कोणता रूळ गजबजलेला आहे, कोणत्यावर गवत माजले आहे, यावरून धोरण वाचता येते. प्रवासी भाड्यातील तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघते, हे अर्थसंकल्पाचे अभ्यासक जाणतात. सामान्य नागरिकाला मात्र रेल्वे भेटते ती नव्या गाडीला दाखवलेल्या हिरव्या झेंड्यातून.

म्हणून सूचना साधी आहे. मुगलसरायसारख्या दोन-तीन यार्डांच्या हद्दीबाहेर प्रेक्षक सज्जे उभारावेत, माफक तिकीट ठेवावे आणि माहिती सांगण्यासाठी निवृत्त गार्ड व यार्डमास्तरांना बोलवावे. रुळांवरचा अनधिकृत प्रवेश १९८९च्या रेल्वे अधिनियमाने गुन्हा ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. सज्जाने त्याला बाध येत नाही. सुरक्षेची सबब फारशी टिकणारी नाही, कारण उपग्रहचित्रांत ही यार्डे कोणालाही दिसतात.

त्या शाळेतील मुले आता कर भरण्याच्या वयाची झाली असतील. ज्या व्यवस्थेचा खर्च ती उचलतात, ती निदान त्यांच्या मुलांना तरी पाहू द्यावी.