चारमिनारचा रुपया
मराठवाड्यातल्या पालमच्या जुन्या घरांत आजीच्या पेटीतून, कधी देव्हाऱ्यातूनही, चारमिनार कोरलेला निजामाचा रुपया निघतो. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाचं चलन, हाली सिक्का, तर पुढे १९५९ पर्यंत चालला. मग ही नाणी इथे सापडणारच. तरीही नवा संग्राहक ‘दुर्मीळ आहे’ एवढ्या शब्दावर भुलून पदरचे हजारो रुपये घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्या रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम, निजाम मेहबूब अली खानाच्या काळातल्या नाण्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. तिचा आजचा भाव काढा. त्याच्या वर जे मोजायचं ते साल आणि नाण्याची अवस्था पाहूनच. घासून चकचकीत केलेलं नाणं तर घेऊच नका. शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, बाबतीत फसवणूक आणखी सोपी. ती महाराजांनंतर पेशवाईतही पाडली जात होती, पण विकणारा मात्र प्रत्येक शिवराई थेट रायगडावरची म्हणून पुढे करतो, आणि छत्रपतींवरच्या भक्तीपुढे घासाघीस करायला पोरांची जीभ रेटत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. खिशात हात घालण्याआधी तिथलं संग्रहालय पाहून या.