तुतारीचे तत्त्वज्ञान

निवृत्तीनंतर धामणगाव रेल्वेत स्थायिक झालेले एक साहेब सध्या जिनवाल्यांना आणि दुकानदारांना मोफत सल्ला देत फिरतात. तोंडी होता तोवर चालवून घेतला. मागच्या महिन्यात त्यांनी तो छापून वाटला, म्हणून हे उत्तरही छापील.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. हाताखालच्या माणसाशी कोचसारखे वागायचे, म्हणजे हुकूम कमी सोडायचे, प्रश्न जास्त विचारायचे आणि त्याचे उत्तर त्यालाच शोधू द्यायचे, हे सारे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांचे चोचले. वऱ्हाडातला कामगार म्हणजे बैल, तुतारी टोचल्याबिगर पाऊल टाकत नाही. प्रश्न विचारत बसले की वेळ जातो. साहेबालाच काही येत नाही असे लोकांना वाटते. आणि शिकवून तयार केलेला गडी चार पैसे जास्त मिळाले की हिंगणघाटच्या जिनात पळतो. चार मुद्दे आणि एक बैल, एवढी त्यांची पुस्तिका. बाकीच्या पानांवर साहेबांचे फोटो आहेत.

आधी बैलाकडे बघू. आमच्याच तालुक्यात तळेगाव दशासर आहे, शंकरपटासाठी नावाजलेले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या अटींत काठी, चाबूक, टोचणी सगळे वर्ज्य आहे. पटावरच्या बैलाला आज तुतारी लावता येत नाही, आणि साहेबांना ती रुई उचलणाऱ्या पोराला लावायची आहे! साहेबांची उपमा खरी असती तर त्या पोराचे भलेच झाले असते, निदान कायदा तरी त्याच्या बाजूने उभा राहिला असता.

पुण्या-मुंबईचे चोचले म्हणाल, तर अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. आखाड्यातला वस्ताद पठ्ठ्याच्या वतीने कुस्ती खेळत नाही, हे वऱ्हाडाला कुणी बाहेरून येऊन शिकवले नाही. वेळ जातो म्हणाल, तर चुकलेले काम दुसऱ्यांदा करायला लागतो तो वेळ साहेब कोणत्या खात्यात धरतात? गडी पळतात म्हणाल, तर ते न शिकवताही पळतात. दरवर्षी दसरा उलटला की नवे चेहरे शोधत फिरणारे मालक मी पाहिलेले आहेत, आणि त्यात साहेबांचे भक्तच जास्त.

आता भीती. साहेबांचा सारा इमला या एका विटेवर उभा आहे, तेव्हा इथे मी जरा लांबण लावणार आहे.

धाकात माणूस जास्त काम करतो असे मानणाऱ्याने हंगामात एक दिवस जिनात उभे राहून पाहावे. मालकाच्या खुर्चीजवळ नाही, मशीनजवळ. धाकाने हात भराभर चालतात, हे कबूल. पण त्याच धाकाने तोंड बंद होते, आणि जिनात तोंड बंद असणे फार महागात पडते. गंजीतल्या कापसाबरोबर कधी खडा येतो, कधी खिळा, कधी विळ्याचा तुकडा. तो मशीनमध्ये गेला की ठिणगी उडते. ती दिसते फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला, तीही क्षणभर. रुईत शिरलेली ठिणगी लगेच भडकत नाही. ती रुई प्रेसमध्ये जाते, 170 किलोची गाठ बांधली जाते, आणि आत ती धुमसतच राहते. ज्वाला उठायला हवा पुरत नाही, पण धुमसायला रुईतली हवा पुरते. मग कधीतरी गोदामात, आसपास कुणी नसताना, गाठ पेट घेते. अशा वेळी विमा, पंप, वाळूच्या बादल्या या सगळ्यांआधी एकच गोष्ट उपयोगाची असते: त्या माणसाने त्या क्षणी 'थांबवा' म्हणून ओरडणे.

तो ओरडेल का, हे आदल्या खेपेला ओरडल्यावर त्याचे काय झाले होते यावर ठरते. या भागातल्या एका जिनातली गोष्ट आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचे त्यांना कळेल. एका पोराला संशय आला म्हणून त्याने मशीन थांबवायला लावली. पाहिले तर काहीच नव्हते. फोरमनने सगळ्यांसमोर त्याची आई-बहीण काढली आणि अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. साहेबांच्या शास्त्राप्रमाणे हा उत्तम पर्यवेक्षणाचा नमुना. त्याच हंगामात त्या पोराला पुन्हा ठिणगी दिसली. या वेळी त्याने नजर वळवली. रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी मालकाने विचारले, "तुले दिसली होती तं सांगतलं काहून नाही बे?" पोरगा म्हणाला, "सांगतलं होतं ना मालक, मांगच्या खेपेले."

साहेब, या उत्तरावर तुमच्या पुस्तिकेत कोणते पान आहे?

आगीचे सोडा, ती रोज लागत नाही. कचरा रोज असतो. कापसातली भेसळ कमी व्हावी, जिन सुधारावेत म्हणून केंद्र सरकारने 2000 मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. कितीतरी जिनांनी नवी मशिनरी आणली. तरी प्लास्टिकच्या पोत्याचा धागा, सुतळी, केस, गुटख्याची पुडी हे सगळे आजही कापसातून हातानेच वेचावे लागते. पोत्याचा धागा एकदा मशीनमध्ये गेला की त्याचे बारीक तुकडे होऊन रुईभर पसरतात, सुतात जातात आणि कापड रंगवल्यावर डाग होऊन दिसतात. वेचणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलेलेच नसते. तिला 'हात चालव' एवढे सांगितलेले असते, आणि ती हात चालवते.

यावरून एक जुने भांडण आठवते. 1972 च्या हंगामात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. ती शेतकऱ्याची तारणहार होती की मारेकरी, यावर या गावात पिढीभर लोक हमरीतुमरीवर आले आहेत. दोन्ही बाजूंचे पुढारी मला मूर्ख म्हणत, कारण मी एकच गोष्ट धरून बसत असे: ग्रेड सांगितली जाते, समजावली जात नाही. ग्रेडर गाडीतला कापूस ओढून पाही, आकडा बोले, गाडी पुढे सरके. अमुक ग्रेड का, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारले असते आणि सांगितले असते, तर पुढच्या वर्षी कवडी कापूस घरीच वेगळा काढून आणणारे शेतकरी कमी नव्हते. माझे ते म्हणणे आजही कायम आहे.

साहेबांचा एक टोमणा मात्र मान्य. हात पट्ट्यात जायची वेळ आली की 'तुला काय वाटते?' असे विचारत बसणारा गाढव असतो. तिथे हुकूमच हवा. पण चालत्या यंत्राला हात कुणी लावावा, हे 1948 च्या कारखाना कायद्याने बाविसाव्या कलमात लिहून ठेवले: खास शिकवलेल्या प्रौढ कामगाराने, घट्ट कपडे घालून, आणि ते कपडे मालकाने द्यायचे. शिकवलेल्या, हा शब्द साहेबांच्या नजरेतून निसटला असावा. नागपूरच्या हॉटेलात दोन दिवस चार इंग्रजी अक्षरे घोकून 'कोच' होऊन येणाऱ्यांची साहेबांनी केलेली टिंगलही मला पटली. टेनिसचा कोच टिमथी गॅल्वे याने 1974 मध्ये टेनिसवर पुस्तक लिहिले ते सूचनांच्या माऱ्याने खेळाडूचा हात आखडतो हे पाहून. पुढे त्या विचाराचा धंदा झाला, त्याला गॅल्वे तरी काय करणार. आणि मजुरी थकवून आपुलकीचे प्रश्न विचारणारा मालक साहेबांपेक्षाही वाईट, हेही लिहून ठेवतो.

मग करायचे काय? फार नाही. सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा नियम सगळ्यांना पाठ आहे: ओल 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात, 12 च्या वर कापूस परत. मीटर आहे. तरीही चांगला जुना माणूस नव्या पोराच्या हातात आधी कापूस देतो आणि विचारतो, "सांग, किती भरन?" पोरगा म्हणतो दहा. मीटर लावला की निघतात तेरा. "दहा काहून वाटले तुले?" इथे खरे शिक्षण होते. वरून कापूस सुका होता, हात खाली घातलाच नव्हता, हे पोरगा स्वतःच बोलून जातो, आणि पुढच्या गाडीला न सांगता कोपरापर्यंत हात घालतो. चुकल्याबद्दल मजुरी कापली नाही म्हणून पुढचा अंदाजही तो खराच सांगतो. फोरमनने हे रोज एका गाडीवर केले तरी पुष्कळ.

जिनवाल्यांना एवढीच विनंती आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागेल. पहिल्या आठवड्यात ज्याने संशयावरून मशीन थांबवली आणि काहीच निघाले नाही, त्याची मजुरी कापू नका. साहेब काय म्हणतील ते म्हणोत, आग लागली तर ते विझवायला येणार नाहीत.