छडीने न जाणारी खोड

वर्गात एखादा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो, घशातून चमत्कारिक आवाज काढतो. मास्तर दोनदा दटावतात, तिसऱ्यांदा छडी उचलतात. घरी वडील कान पिरगाळतात, आजी दृष्ट काढते. मुलगा भेदरतो, भेदरल्याने मान अधिकच उडू लागते, आणि ‘पोरगे मुद्दाम करते’ यावर सर्वांचे एकमत होते! हे एकमत साफ चुकीचे आहे, आणि त्याची किंमत एक अश्राप जीव मोजीत असतो.

या आपोआप होणाऱ्या हालचालींना वैद्यकशास्त्रात ‘टिक’ म्हणतात. पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला तुरेत या डॉक्टराने १८८५ साली अशा नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. अनेक हालचाली आणि त्यांच्या जोडीला आवाज, असे वर्षाहून अधिक काळ चालले तर त्या विकाराला आजही त्याचेच नाव देतात. आरंभ बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात होतो, दहा ते बाराच्या सुमारास जोर वाढतो आणि तारुण्यात पुष्कळांचा त्रास ओसरतो. मुलींपेक्षा मुलग्यांत तो अधिक आढळतो. हालचालीपूर्वी अंगात एक अस्वस्थ ऊर्मी दाटून येते. शिंक जशी क्षणभर दाबता येते तशी ती दाबता येते, कायमची नव्हे. शाळेत कसेबसे आवरून धरलेले घरी येताच उफाळते ते यामुळेच. आणि लोकांना ते नाटक वाटते!

पुष्कळदा याच मुलांना मंत्रचळाचीही जोड असते. हात मळले या शंकेने मुलगी वीसदा हात धुते, मुलगा वहीतील तीच ओळ पुनःपुन्हा खोडतो, आपल्यामुळे आईला अपाय होईल या धास्तीने मनात आकडे मोजत बसतो. हे व्यर्थ आहे असे अनेकदा त्यालाही कळते, पण सुटका होत नाही. आणि आम्ही? अशा मुलीला ‘मोठी सोवळी’ म्हणून शाबासकी देतो! त्या शाबासकीआड आजार वर्षानुवर्षे लपून राहतो.

आमच्या शाळकरी वयात शेजारच्या बाकावर असाच एक मुलगा बसे. गुरुजींनी त्याला ‘माकड’ ठरविले, वर्ग खदखदून हसला. त्या हसण्यात आम्हीही होतो. त्या मुलाने पुढे शाळा सोडली. आज हे लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते.

उपाय नाही अशी स्थिती मुळीच नाही. सौम्य टिकेला पुष्कळदा औषधही लागत नाही. लक्ष न देणे हेच औषध. त्रास अधिक असल्यास ऊर्मीची चाहूल लागताच विरोधी हालचाल करण्याचा सराव देतात. ही पद्धत अझ्रिन आणि नन यांनी १९७३ साली मांडली. मंत्रचळासाठी भीतीला हळूहळू सामोरे जायचे आणि हात न धुता थांबायचे, हा मार्ग लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दाखविला. गरज पडल्यास डॉक्टर औषधेही देतात. यासाठी दूर जावे लागते असेही नाही. धारवाडला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, आणि २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शिक्षकबंधूंना एकच स्मरण देतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे सतरावे कलम मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. पण कायद्याच्या धाकाने छडी खाली ठेवण्यात मोठेपणा कसला? मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून दोन समजुतीचे शब्द सांगावेत, वर्गातील मुलांना हसू नका म्हणून बजवावे, परीक्षेत अशा मुलाला स्वतंत्र जागा आणि थोडा अधिक वेळ मिळवून द्यावा. याला ना मोठा निधी लागतो, ना सरकारी फर्मान. उद्या वर्गात एखादी मान झटकली, तर गुरुजींनी छडीकडे जाणारा हात त्या मुलाच्या पाठीवर ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.