नेच्याचे पान थोडे फांदीसारखे

पावसाळा सुरू झाला की कोकणात जुन्या दगडी भिंतींवर आणि विहिरींच्या आत नेचे उगवू लागतात. फुलांच्या गुच्छात ‘फर्न’ म्हणून खोवतात, तेच हे नेचे. हिमाचलमध्ये एका जातीच्या कोवळ्या कोंबांना लिंगडू म्हणतात, आसामात ढेकिया. दोन्हीकडे त्यांची आवडीने भाजी करतात.

हा कोंब जिलबीसारखा गुंडाळलेला का असतो, हे कधी पाहिले आहे? आंब्याचे कोवळे पान लहान असले तरी पूर्ण घडलेले असते. पुढे ते फक्त मोठे होते. नेच्याचे तसे नाही. देठाकडचा भाग जून होत असतानाही टोकाशी नवी पिसे घडतच असतात. त्या नाजूक टोकाला गुंडाळीत संरक्षण मिळते. टोकाकडून वाढत राहणे ही खरे तर फांदीची रीत!

टेलर स्टीव्ह्ज या शास्त्रज्ञांनी 1961 च्या सुमारास एका नेच्याचे पानांचे अगदी लहान अंकुर कापून पोषक द्रव्यात वाढवले. मोठ्या अंकुरांची पाने झाली. पण सर्वांत लहान अंकुरांपैकी बऱ्याच अंकुरांतून चक्क नवे रोप उभे राहिले. म्हणजे पान व्हायचे की खोड, हे तोपर्यंत ठरलेलेच नव्हते.

याचे उत्तर जनुकांत मिळते. ‘नॉक्स’ नावाची जनुके खोडाच्या शेंड्यात जागी राहून तेथील पेशींना वाढते ठेवतात. साधे पान घडू लागले की तेथे ती झोपी जातात. मक्याच्या पानात ती चुकून जागी राहिली तर शिरांवर गाठी येतात. असे पहिले जनुक 1991 मध्ये ओळखले गेले. टोमॅटोच्या विभागलेल्या पानात मात्र ती पुन्हा जागी होतात. नेच्याच्या कोवळ्या पानातही ती जागीच आढळली आहेत.

म्हणून नेच्याचे पान ही फांदीच, असे मात्र नव्हे. त्याला वरची व खालची बाजू असते आणि त्याची वाढ कधीतरी थांबते. पण पान व फांदी यांच्यातली सीमा आपण शाळेत शिकलो तितकी पक्की नाही, एवढे खरे. आपल्याकडच्या हंसराजाच्या पानाचे टोक ओल्या मातीला टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप होते, ते पाहा!

यातून एक व्यवहाराची गोष्टही कळते. गुंडाळी खुडली की त्या पानाची पुढची वाढ संपते. तेव्हा भाजीसाठी खुडताना प्रत्येक झाडावर काही कोंब राखावेत आणि कुंडीतल्या नेच्याच्या गुंडाळीला मुलांनी हात लावू नये. आणखी एक, सर्वच नेचे खाण्याजोगे नसतात. काही विषारीही असतात. ओळख पक्की असेल तरच भाजी करावी.