आलेख आणि उद्गार

चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयातील हृद्‌रोग्याचा आलेख उपग्रहाद्वारे बंगळूरच्या नारायण हृदयालयात पोचू लागला तो या शतकाच्या अगदी आरंभी. इस्रोच्या त्या प्रयोगानंतर, २०२३ साली, कर्नाटक शासनाने पुनीत राजकुमार यांच्या नावे ‘हृदय ज्योती’ योजना काढली. तालुक्याला काढलेला ईसीजी आता काही मिनिटांत जयदेव संस्थेसारख्या मोठ्या केंद्राकडे जातो आणि गुठळी विरघळविणारे टेनेक्टेप्लेसचे महागडे इंजेक्शन रोग्यास तेथल्या तेथे विनामूल्य मिळते. या यंत्रणेविषयी कुरकुर करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु आलेख सांगतो ती रोग्याची सगळी हकीकत नव्हे. खानापूर तालुक्यातील मराठी म्हातारी ‘कळ आली’ म्हणते, ‘जीव घाबरा होतो’ म्हणते, कधी ‘छाती भरून येते’ म्हणते. या तीन निरनिराळ्या खुणा असू शकतात. बंगळूरच्या पडद्यावर मात्र तिन्हींचे नुसते ‘छातीत दुखणे’ होऊन बसण्याची भीती आहे. अनुवादकांना हा अनुभव नवा नाही. निम्हान्सच्या आधाराने २०२२ पासून चालणाऱ्या टेली-मानसने २० भाषांत बोलण्याची सोय केली, कारण मनाच्या दुखण्याचा ईसीजी निघत नाही. शरीराच्या दुखण्यालाही भाषा लागते, हे मानावयास काय हरकत आहे?

गादीखाली ठेवून श्वास व नाडी मोजणारे घरगुती उपकरणही बंगळूरनेच बनविले. अशा नोंदींशेजारी रोग्याचे मूळ वाक्य, त्याच्याच बोलीत, लिहावयास एक ओळ पुरे. ती भरण्याचे काम मात्र घरोघर हिंडणाऱ्या आशा कार्यकर्तीवर मोबदल्यावाचून लादले जाऊ नये.