नेमाडेंचा गाव आणि गावकुसाबाहेरचा प्रश्न

जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्याच्या सांगवी गावाने मराठीला भालचंद्र नेमाडे दिले. त्यांच्यावर अक्षय इंडीकर यांनी केलेला 'उदाहरणार्थ नेमाडे' हा माहिती आणि कल्पित यांची सांगड घालणारा चित्रपट २०१६ मध्ये आला. प्रस्थापितांना शिंगावर घेणारा खान्देशी लेखक पडद्यावर आला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बंडखोराचा वारसा केवळ कौतुकाने मोजायचा काय?

नेमाडेंचे श्रेय कुणी नाकारू नये. १९६३ साली 'कोसला'ने सदाशिवपेठी मराठीची मिरासदारी मोडली. लघुनियतकालिकांनी साहित्याचे सोवळे उतरवले. साहित्य संमेलनांची टर उडवणाऱ्या याच लेखकाने २०१५ साली पंतप्रधानांच्या हस्ते ज्ञानपीठ स्वीकारले. व्यवस्था बंडखोराला कशी पोटात घेते, हे यातून दिसते.

खरा पेच मात्र पुरस्काराचा नाही, गावाचा आहे. त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. 'कोसला'चा पांडुरंग सांगवीकर पुण्यात हरला तरी त्याला परतायला घर आहे, शेती आहे. बागुलांच्या नायकाला शहरातही जात लपवावी लागते आणि ती उघड होताच मार खावा लागतो. त्याने कोणत्या गावी परतायचे?

नेमाडेंचा देशीवाद गाव आणि परंपरा यांत मुळे शोधतो. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच गावाच्या उदात्तीकरणावर घाव घातला होता. गाव म्हणजे अज्ञान आणि संकुचितपणाचे घर, हा त्यांचा निष्कर्ष पुस्तकी नव्हता, भोगलेला होता. उच्चनीचता वगळून जात जपता येत नाही, हे आंबेडकरी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

या वादाचे उत्तरही खान्देशातच आहे. १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापणारे धुळ्याचे कॉम्रेड शरद पाटील यांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्र मांडले. त्यांना जातीचा अंत हवा होता, जातीचे देशीपण नव्हे. १९३७ साली बाबासाहेब मुक्कामी राहिलेल्या लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे दर ३१ जुलैला जनसमुदाय लोटतो. ही आठवण कोणत्या देशीपणात बसवायची?

एकाच चित्रपटाने सारे सांगावे, अशी अपेक्षा नाही. परंतु पुढचा कॅमेरा आपल्या तरुणांच्या हाती असला पाहिजे. त्याने सांगवीतून निघावे, गावकुसाबाहेरच्या वस्तीत थांबावे, धुळ्याला जावे आणि नेमाडेंना आदराने, पण नेमका हाच प्रश्न विचारावा. लेखकाची पूजा करणे सोपे असते. त्याची झडती घेणे हाच त्याचा खरा सन्मान होय.