सात कशाचे?

लहान मूल दिसलं की त्याची परीक्षा घेतल्याशिवाय आमच्या नातेवाइकांच्या घशाखाली चहा उतरत नाही. मूल शाळेत जाणारं असेल तर निदान ‘कितवीत? कोणत्या शाळेत? किती मार्क?’ एवढ्यावर सुटतं. चिकूचं तसं नाही. माझ्या भाचीचा हा सात वर्षांचा मुलगा शाळेतच जात नाही. त्याला घरी, त्याच्या कलाने शिकू द्यायचं असं आईबापांनी ठरवलंय. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा स्वतःला शिक्षणाधिकारी समजतो आणि तपासणी करूनच जातो.

रविवारी चिकू माझ्याकडे होता आणि नेमके सांगलीचे काका आले. चिकूने माळ्यावरचा जुना तराजू काढून घेतला होता. एका पारड्यात मसूर, दुसऱ्यात पोहे. पोह्यांचा ढीग पारड्याबाहेर सांडायला आलेला, मसूर तळाशी एवढीशी, आणि तरी काटा मधोमध. हे काय गौडबंगाल आहे ते बघायला तो पोटावर पालथा पडून काट्याला डोळा लावून बसला होता.

काकांनी विचारलं, “सात साते?”

“सात कशाचे?” चिकूने मान न वळवता विचारलं.

“कशाचे म्हणजे? सात साते किती?”

“पण कसले सात?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं. मग काकांनी कागद मागवला आणि ‘एकोणऐंशी’ लिहून दाखव म्हणाले. चिकूने ८९ लिहिले. काकांचा चेहरा असा खुलला की जणू पोराने नाही, त्यांनीच पेपर सोडवला. “बघ! हे असं होतं घरी बसवून. आमच्या वेळी पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ असायची. हे सगळं अमेरिकेतलं खूळ.”

आता खरं सांगा, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत तुमचा घोटाळा कधीच झाला नाही? २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात बावीसला ‘वीस दोन’ म्हणायचीही सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विषय थेट विधिमंडळात गेला. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान पोरांना जड जातात, असं गणितज्ञ मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. पण ऐकणार कोण? जो तो भाषा वाचवायला निघालेला. काकाही त्यात होते. हेच काका परवा गॅसवाल्याला फोनवर आपला नंबर सांगत होते: “नाइन, एट, डबल टू...” एकही आकडा मराठीत नाही. मोबाइल नंबर मराठीत सांगणारा माणूस तुम्हाला शेवटचा कधी भेटला? आणि औट म्हणजे साडेतीन, हेही त्यांना दोनदा चुकून मग सुचलं.

खुळाचं म्हणाल तर ते भावनगरचं आहे. गिजुभाई बधेकांनी तिथे १९२० साली बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डी-कोसबाडला तेच रुजवलं. मूल त्याच्या वेगाने शिकतं, हे मानणारी शाळा लीलाताई पाटलांनी आमच्या कोल्हापुरात १९८५ मध्ये ‘सृजन आनंद’ नावाने सुरू केली. म्हणजे त्यासाठी शाळा सोडलीच पाहिजे असंही नाही. कायद्याचं म्हणाल तर २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. घरी शिकवण्याबद्दल त्यात शब्द नाही, परवानगीचा नाही की बंदीचा नाही. पुढे परीक्षा द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे.

हे सगळ्यांना जमणारं नाही, हेही लिहून टाकते. दिवसभर घरी थांबणारं एक तरी माणूस लागतं, आणि घरचा चरितार्थ दुसऱ्याच्या पगारावर चालावा लागतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकणार, आणि तिथे चांगला शिक्षक मिळाला तर उत्तमच शिकणार.

बरं, घरी शिकवणारेही काही कमी नाहीत. त्यांना टोकलं की ते लगेच मालविका जोशीचं नाव घेतात. मुंबईची ही मुलगी दहावी-बारावीशिवाय, ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेली. कौतुक आहेच. पण तिने शाळा सोडली ती सातवीच्या सुमाराला. मसूर जोखणाऱ्या सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिला कशाला बसवायचं? काका मार्क मागतात, हे एमआयटी मागतात. माझी भाची तोंडाने ‘त्याच्या कलाने’ म्हणते आणि रात्री मला फोन करते: “मावशी, जाऊबाईंची मुलगी गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचते गं. हा अजून अडखळतो.”

तो पुस्तकावर अडखळतो हे खरं. पण के.एम.टी.च्या बसची पाटी तो माझ्याआधी वाचतो. ‘मध्यवर्ती बसस्थानक’ हे त्याने मला अख्खं वाचून दाखवलं, जोडाक्षरांसकट, कारण बस चुकली असती.

दिवाळीत चिकूसारख्या, किंवा शाळेत जाणाऱ्याही पोरांच्या घरी फराळाला जाल. चकली खा, चिवडा खा, किल्ल्यावर मावळे कुठे उभे केलेत ते विचारा. पाढा विचारायचा मोह आवरलाच नाही, तर आधी एकोणतीसचा आपण म्हणून दाखवा. न थांबता.